रद्दीत जाणारी बिगुलाची पुस्तकं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पोलीस हुतात्मा दिनाच्या निमित्ताने आपल्या रविवार पुरवणीत ‘लास्ट पोस्ट’वर, म्हणजे अंत्यविधीला वाजणाऱ्या बिगुलाच्या धुनेवर, आलेला मजकूर वाचला. विषय घेतलात याचा आनंद झाला, कारण बिगुलाबद्दल वर्तमानपत्रात फारसं कुणी लिहीत नाही. पण त्यात सांगितलेली कथा खोटी आहे. अमेरिकन यादवी युद्धात एक कॅप्टन रात्रीच्या अंधारात एका जखमी सैनिकाला ओढून आपल्या बाजूला आणतो, कंदील धरून बघतो तर तो त्याचाच मुलगा, शत्रूच्या गणवेशात मरून पडलेला. मुलाच्या खिशात एका चिठ्ठीवर स्वर लिहिलेले असतात आणि तीच धून पुढे अंत्यसंस्काराला वाजू लागते. व्हॉट्सॲपवर ही कथा दर सव्वीस जानेवारीला येते. या कॅप्टनचं नाव रॉबर्ट एलिकोम्ब असं देतात, पण उत्तरेच्या सैन्याच्या नोंदींत असा कॅप्टन सापडत नाही.

शिवाय ती कथा ज्या धुनेची म्हणून सांगतात ती अमेरिकन फौजेची ‘टॅप्स’. आपल्याकडे २१ ऑक्टोबरला किंवा शासकीय इतमामातल्या अंत्यविधीला पोलिसांचा बिगुलर वाजवतो ती ‘लास्ट पोस्ट’, ब्रिटिश फौजेकडून आलेली. दोन्ही धुना एकामागून एक वाजवल्या तर शाळेच्या बँडमधलं सहावीतलं पोरही फरक सांगेल. मी बरीच वर्षं शाळेत बँड शिकवला, म्हणून एवढ्या ठामपणे लिहितो.

‘टॅप्स’ची खरी हकिकत त्या बनावट कथेपेक्षा मला जास्त आवडते. जुलै १८६२, व्हर्जिनियातलं हॅरिसन्स लँडिंग. उत्तरेच्या सैन्यातल्या जनरल डॅनियल बटरफिल्डने आपल्या ब्रिगेडचा बिगुलर ऑलिव्हर नॉर्टन याला बोलावलं, पाकिटाच्या मागे पेन्सिलीने खरडलेले स्वर दाखवले आणि वाजवून घेतले. काही स्वर लांबवले, काही आखडले. त्या रात्रीपासून दिवे मालवण्याच्या जुन्या इशाऱ्याऐवजी हे चोवीस स्वर वाजू लागले. शेजारच्या ब्रिगेडच्या बिगुलरांनी दुसऱ्या दिवशी येऊन ते मागून नेले. हे सगळं बाहेर आलं १८९८ मध्ये, एका मासिकाशी झालेल्या पत्रव्यवहारातून. म्हणजे छत्तीस वर्षांनंतरच्या आठवणी. त्यानंतर बटरफिल्ड हा ‘टॅप्स’चा संगीतकार, असं जो तो लिहू लागला.

मग कुणीतरी १८३५ चं कवायतीचं पुस्तक उघडलं. जनरल विन्फिल्ड स्कॉट यांचं, पायदळाच्या डावपेचांचं. त्यात रात्रीच्या हजेरीचा ‘टॅटू’ नावाचा बिगुलाचा इशारा छापलेला आहे, आणि त्याचा शेवटचा तुकडा म्हणजे जवळजवळ ‘टॅप्स’च. म्हणजे बटरफिल्डने ती धून शून्यातून रचली नव्हती. एक जुना, वापरातून गेलेला इशारा त्याच्या कानात असणार आणि त्याने तो घडवला. त्याच्या किंवा नॉर्टनच्या पत्रात या टॅटूचा उल्लेख नाही. माणसं विसरली होती, पुस्तक राहिलं होतं. ते पुस्तक कुणी चूल पेटवायला वापरलं असतं तर आपण आजही चुकीच्या माणसाला संगीतकार म्हणत बसलो असतो.

माझं म्हणणं एवढ्याचसाठी आहे. बिगुलाची, कवायतीची ही पुस्तकं कुणी पुस्तकं म्हणून मोजत नाही. पातळ, स्वस्त, शर्टाच्या खिशात मावणारी, घामाने आणि पितळेच्या पॉलिशने डागाळलेली. ग्रंथालयं ती घेत नाहीत, कारण त्यांना कणा नसतो आणि त्यांत साहित्य नसतं. संगीतवाले घेत नाहीत, कारण बिगुलाला व्हॉल्व्ह, म्हणजे स्वर बदलायची कळ, नसतो, व्यवहारात मोजून पाच स्वर निघतात. पाच स्वरांत कसलं संगीत! पण जॉन फिलिप सूझाने १८८६ मध्ये फील्ड-ट्रम्पेट आणि ड्रमच्या शिक्षणाचं असंच एक पुस्तक काढलं. तेव्हा तो अमेरिकेच्या मरीन बँडचा प्रमुख होता. त्यातली एक छोटीशी चाल त्याने दोन वर्षांनी ‘सेंपर फिडेलिस’ या मार्चच्या मधल्या भागात वापरली. तो मार्च जगभरचे बँड वाजवतात. त्याचं मूळ मात्र पोरांना शिकवायच्या पुस्तकात आहे.

ड्रमचंही तसंच. अमेरिकन ड्रमवादक गार्डिनर स्ट्रूब याचं १८६९ चं शिक्षणपुस्तक पंचवीस धड्यांचं. १९३३ मध्ये शिकागोत अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेच्या अधिवेशनाच्या वेळी जमलेल्या ड्रमवादकांनी जी सव्वीस मूलभूत बोलांची यादी पक्की केली, ती त्याच परंपरेतली. माझा नातू न्यू जर्सीत शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये स्नेअर ड्रम वाजवतो. त्याला आज फोनवरच्या व्हिडिओतून जो सराव देतात, त्यातले निम्मे बोल दीडशे वर्षांपूर्वीच्या या पुस्तकातले आहेत. त्याला हे ठाऊक नाही, त्याच्या शिक्षकालाही बहुधा नसावं.

त्याच्यामुळे मला तिथल्या ड्रम कोर पथकांची ओढ लागली. पहिल्या महायुद्धानंतर लीजनच्या शाखांनी बिगूल आणि ड्रमची पथकं काढली, पुढे चर्चनी, स्काउटनी, गावांनी. १९७२ पासून ड्रम कोर इंटरनॅशनल या पथकांच्या संघटनेची अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली. पण वाद्यंच बदलत गेली. आधी नुसतं बिगूल, मग एक व्हॉल्व्ह, १९७७ मध्ये दोन, १९९० मध्ये तीन, आणि २००० मध्ये कुठल्याही पट्टीचं पितळी वाद्य चालेल असं ठरलं. दर बदलाला जुन्या वाद्यांबरोबर जुनी स्वरपत्रंही अडगळीत गेली. त्या पथकांत कित्येकांना नोटेशन वाचता येत नसे, सगळं कानाने चाले. त्यामुळे कागद मुळातच कमी. जे होते ते सायक्लोस्टाइल किंवा पेन्सिलीचे, कुणा एका वाद्यशिक्षकाच्या गॅरेजमध्ये. न्यू जर्सीतल्या गारफिल्डच्या होली नेम चर्चमधून १९३४ मध्ये निघालेलं ‘द कॅडेट्स’ हे पथक २०२४ मध्ये बंद झालं. नव्वद वर्षांच्या पथकाचे कागद अशा वेळी कुणाचे, हा प्रश्न भावनेचा नाही, मालकीचा आहे, आणि त्याचं उत्तर सहसा कुणी आधी लिहून ठेवलेलं नसतं. कनेक्टिकटमध्ये आयव्हरीटन इथे फाइफ (छोटी आडवी बासरी) आणि ड्रमवाल्यांनी स्वतःचं संग्रहालय उभारलं आहे. सरकारची वाट न बघता हौशी लोकांनी केलेलं हे काम मला फार मोलाचं वाटतं.

आता आपल्याकडे. ब्रिटिश वॉर ऑफिस सैन्यासाठी ट्रम्पेट आणि बिगुलाच्या इशाऱ्यांची पुस्तिका काढत असे, शिकवण्याच्या सूचनांसकट. तिच्या जुन्या आवृत्त्या इथल्या पलटणींतही आल्या. मराठा लाइट इन्फंट्रीसारख्या लाइट इन्फंट्री, म्हणजे हलक्या पायदळाच्या, पलटणीला तर बिगूल जवळचा. बेळगाव, सातारा, कोल्हापूर भागातल्या निवृत्त बँडवाल्यांच्या ट्रंकांत अशा पुस्तिका, हाताने उतरवलेल्या वह्या अजून असतील, निदान असाव्यात अशी माझी आशा आहे. शाळांच्या बँडखोलीत तर नक्की. मी नोकरीत असताना एका शाळेने नवं इंटरॅक्टिव्ह बोर्ड बसवायला बँडचं कपाट रिकामं केलं आणि त्यातलं सगळं कागदी सामान रद्दीवाल्याला दिलं. गंमत म्हणजे बिगूल मात्र ठेवले. पितळेला भाव असतो. (मेरठच्या जाळी कोठी या वाद्यं बनवणाऱ्यांच्या वस्तीत बनलेले बिगूल अमेरिकेत जुन्या युद्धांचे देखावे करणारे हौशी लोकही विकत घेतात. सुरांची खात्री नाही, पण दिसायला उत्तम.)

करायचं फार अवघड नाही. जाड स्कॅनर नको, खिडकीच्या उजेडात फोनने काढलेले फोटो चालतील, पण प्रत्येक पानाचे: मुखपृष्ठ, मागच्या जाहिराती, समासातल्या पेन्सिलीच्या खुणा. अशा पुस्तिकांवर छपाईचं साल बहुधा नसतं. मागच्या पानावरची बिगुलाची किंमत बघूनच काळ ठरवावा लागतो. गंजलेल्या पिना अलगद काढाव्यात, चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर अजिबात नको. कॉपीराइटची भीती घालणारे भेटतील. सरकारी प्रकाशन आपल्या कायद्याने साठ वर्षांनी मोकळं होतं, आणि अमेरिकेत १९२९ पर्यंत छापलेलं सगळं मोकळं आहे. तेव्हा अडचण कायद्याची कमी, आळसाची जास्त.

आपणास विनंती अशी की, एक तर त्या कथेची दुरुस्ती छापावी. दुसरं, वाचकांपैकी कुणाकडे बिगूल, ड्रम किंवा पथकाच्या शिक्षणाची जुनी पुस्तिका, वही, तालाचे लिहिलेले बोल असतील, त्यांनी आपल्या कार्यालयाकडे कळवावं, असं चार ओळींचं आवाहन करावं. छावणीत किंवा शाळेत पोरांनी बिगुलाच्या इशाऱ्यांना जोडलेले चावट शब्द आठवत असतील तर तेही लिहून पाठवावेत. ते कुठल्याच पुस्तकात सापडायचे नाहीत.

आपला,
एक निवृत्त बँडशिक्षक, सातारा