भीमाशंकर अभयारण्यातील जंगलफेरी : सदस्यांसाठी सूचना

सर्व सदस्यांना कळविण्यात येते की, आपली मार्च महिन्याची जंगलफेरी येत्या रविवारी भीमाशंकर अभयारण्यात होणार असून, सर्वांनी सकाळी ६.३० वाजता भीमाशंकर एस.टी. स्थानकावर जमावे, तेथून गुप्त भीमाशंकरच्या पायवाटेने निघायचे आहे.

१९८५ मध्ये घोषित झालेल्या या अभयारण्याची ओळख म्हणजे आपला राज्यप्राणी शेकरू. तो दिसण्याआधी बहुधा त्याचा कर्कश आवाज ऐकू येतो, म्हणून वाटेत बोलणे कमीत कमी ठेवावे. उंच फांद्यांवर काटक्या-पानांची मोठी गोल घरटी शोधावीत; मात्र एकच शेकरू अनेक घरटी बांधत असल्याने, घरटे दिसले की शेकरू दिसला अशी नोंद करू नये (मागील फेरीत काही उत्साही सदस्यांनी ती केली होती). अंजनीच्या फांद्यांना बिलगलेली निळी-जांभळी फुलेही या दिवसांत आढळू शकतात.

विनंती :

• हिरड्याची फळे तोडू अथवा वेचू नयेत. येथील अनेक महादेव कोळी कुटुंबांचे उत्पन्न त्यांवर अवलंबून आहे.

• पक्ष्यांना जवळ बोलावण्यासाठी मोबाइलवर त्यांचे आवाज वाजवू नयेत.

• मळकट रंगाचे कपडे घालावेत आणि पिण्याचे पाणी, दुर्बीण व नोंदवही सोबत आणावी.