नव्या लेन्सच्या बातमीत काय हवे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होते आणि त्याच्या आधी महिना-दीड महिना आपल्याकडचे छायाचित्रकार लेन्सच्या खरेदीत असतात. वृत्तपत्रांच्या तंत्रज्ञानाच्या पानावर तेव्हा नव्या लेन्सच्या बातम्या येतात. त्यांत वजन, किंमत आणि ‘आधीपेक्षा शार्प’ एवढे असते. लाखाच्या घरातला निर्णय ज्यावर करायचा, ते नसते.

लग्नातली रोजची लेन्स म्हणजे २४-७० एफ २.८, म्हणजे २४ ते ७० मिमीपर्यंत झूम होणारी आणि कमी उजेडातही भरपूर प्रकाश घेणारी. निकॉनने ऑगस्ट २०२५ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आणली. वजन ८०५ ग्रॅमवरून ६७५ वर आले, फिल्टर ८२ मिमीचा ७७ मिमी झाला आणि झूम करताना नळी बाहेर येत नाही. सोनीची २०२२ ची दुसरी आवृत्तीही ८८६ वरून ६९५ ग्रॅमवर आली होती. दिवसभर कॅमेरा हातात धरणाऱ्याला हा फरक मनगटात जाणवतो. गिम्बलवर (कॅमेरा तोलून स्थिर ठेवणाऱ्या दांड्यावर) काम करणाऱ्याला नळी न हलण्याचे मोल त्याहून मोठे, कारण झूम बदलला तरी तोल फारसा ढळत नाही. इथवर बातमी उपयोगाची असते.

‘शार्प’चा पुरावा म्हणून एमटीएफचा, म्हणजे लेन्स तपशील किती ठळक उमटवते याचा, आलेख दाखवतात. त्यात आडव्या अक्षावर चित्राच्या मध्यापासूनचे अंतर असते (फुल-फ्रेमला, म्हणजे ३६ बाय २४ मिमीच्या सेन्सरला, कोपरा सुमारे २१.६ मिमीवर येतो) आणि उभ्या अक्षावर कॉन्ट्रास्ट. मिलिमीटरला १० रेषांची ओळ एकूण उठाव सांगते, ३० रेषांची ओळ बारीक तपशील. पण कॅनन आणि निकॉन हे आलेख आराखड्यावरून गणिताने काढतात. तुमच्या हातात येणारा पीस त्या आलेखात नसतोच. सोनीच्या वर सांगितलेल्या लेन्समध्ये १५ गटांत २० काचा आहेत. त्यातली एखादी किंचित कलली किंवा मध्यापासून सरकली तर चित्राची एक बाजू मऊ, म्हणजे अस्पष्ट, येते आणि आलेख मात्र तसाच सुंदर राहतो. म्हणून नवी लेन्स जोखायची तर आपलाच पीस तपासावा लागतो, आणि त्याला वर्तमानपत्राची रद्दी पुरते.

सपाट भिंतीवर पूर्ण उघडलेली पाने कडेला कड लावून चिकटवा. २४ मिमीवर दीड मीटरवरून सुमारे सव्वादोन मीटर रुंद आणि दीड मीटर उंच भाग चौकटीत येतो, म्हणजे आडवी तीन-चार आणि उभी तीन पाने लागतात. कॅमेरा ट्रायपॉडवर, स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, ॲपर्चर (लेन्समधले प्रकाशाचे छिद्र) पूर्ण उघडे, दोन सेकंदांचा टायमर, फाइल रॉ (कॅमेऱ्याने संस्कार न केलेली). कॅमेरा भिंतीला समांतर नसेल तर चाचणी वाया जाते. त्यासाठी चौकटीच्या मध्यावर भिंतीला सपाट टेकवून एक छोटा आरसा लावा. लेन्सचे प्रतिबिंब बरोबर मध्यभागी दिसले की कॅमेरा सरळ आहे. आता मध्यावर फोकस करून चारही कोपऱ्यांतला बारीक मजकूर १०० टक्क्यांवर पाहा. चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर तो लेन्सच्या आराखड्याचा गुण आहे, पीसचा दोष नाही. जवळून रुंद कोनात फोकसचे प्रतल वाकते, त्यामुळेही असे होते. एकच कोपरा किंवा एकच बाजू मऊ असेल तर पीस संशयास्पद.

खात्रीसाठी सकाळी लवकर, हवा तापून थरथरायच्या आत, दूरची इमारत घ्या. फोकस मॅन्युअलवर पक्का करा आणि तीच खिडकी आळीपाळीने चारही कोपऱ्यांत आणून चार चित्रे काढा आणि एकमेकांशी ताडून पाहा. हे २४, ५० आणि ७० अशा तिन्ही ठिकाणी करायचे. २४ वर निर्दोष असलेला झूम ७० वर एका बाजूने ढासळलेला असू शकतो, आणि घाईत तपासणारे नेमके तिथेच फसतात.

बातम्यांत हमखास गाळली जाणारी दुसरी गोष्ट म्हणजे सॉफ्टवेअरची दुरुस्ती. कॅननच्या आरएफ १६ मिमी एफ २.८ किंवा २४-२४० ची रॉ फाइल दुरुस्तीविना उघडली तर रुंद टोकाला मोठी वक्रता आणि काळवंडलेले कोपरे दिसतात. कॅमेरा ते ताणून सरळ करतो, उजळतो, आणि जेपेगमध्ये काहीच कळत नाही. यात फसवणूक नाही. लेन्स लहान आणि स्वस्त होते ती यामुळेच. पण त्याची किंमत चित्राच्या कोपऱ्यांना मोजावी लागते. कोपरा तीन स्टॉपने (दर स्टॉपला प्रकाश निम्मा, म्हणजे एकूण आठवा हिस्सा) काळा असेल तर आयएसओ ३२०० वर काढलेल्या चित्राचा कोपरा उजळल्यावर २५,६०० सारखा दाणेदार होतो. संध्याकाळच्या स्वागत समारंभात हे अल्बमच्या पानावर दिसते. म्हणून रॉथेरपीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्ती बंद करून एकदा तरी फाइल पाहावी.

मात्र २४ मिमीवर काढलेल्या समूहचित्रात कडेच्या मंडळींचे चेहरे रुंद येतात, त्याचा राग नव्या लेन्सवर काढू नये. सरळ रेषा सरळ ठेवणाऱ्या प्रत्येक रुंद लेन्सची ती भूमिती आहे. चार पावले मागे जाऊन ३५ वर काढा.

संपादक महोदय, लेन्सची बातमी देताना दुरुस्ती बंद ठेवून काढलेला एक कोपरा शेजारी छापा आणि आलेख मोजलेला आहे की गणिताने काढलेला, तेवढे लिहा. वाचकांनीही चाचणी माल परत करण्याची मुदत संपायच्या आत करावी. नंतर दुकानदार सर्व्हिस सेंटरकडे बोट दाखवतो. पहिल्या फ्रेममध्ये लेन्सचा सिरियल नंबर कागदावर लिहून भिंतीवरच लावा आणि सगळ्या रॉ फाइल बिलासोबत जपून ठेवा.

आपला,
एक छायाचित्रकार वाचक, सांगली