अ‍ॅक्युपंक्चरला विमा द्या, पण मोजून-मापून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुनाट कंबरदुखी किंवा गुडघेदुखीसाठी ठाणे-नवी मुंबईतले अनेक जण अंगात सुया टोचून करायचे अ‍ॅक्युपंक्चर घेतात, बिले जोडून मेडिक्लेमला अर्ज करतात आणि थोड्याच दिवसांत ‘दावा नामंजूर’ असा ईमेल येतो. मग कंपनीच्या नावाने खडे फोडले जातात. एक अ‍ॅक्युपंक्चर थेरपिस्ट आणि एक विमा दावा तपासनीस म्हणून आम्ही सांगतो, खरे तर पॉलिसीतली कलमे वाचली, तर हा दावा पहिल्या सिटिंगलाच बुडालेला असतो.

बहुतेक पॉलिसी किमान २४ तास रुग्णालयात दाखल असलेल्याचा खर्च देतात. डे-केअरची, म्हणजे २४ तासांच्या आत घरी सोडता येणाऱ्या उपचारांची सवलत आहे, पण एरवी ओपीडीत होणारे उपचार त्यात धरले जाणार नाहीत, असे डे-केअरच्या व्याख्येतच नमूद असते. अ‍ॅक्युपंक्चरची सिटिंग २० ते ३० मिनिटांची, म्हणजे इथेच विषय संपला. ऐरोली-घणसोलीच्या आयटी कंपन्यांतल्या काही ग्रुप पॉलिसींत ओपीडीचे कव्हर असते. तिथे गाडी ‘मेडिकल प्रॅक्टिशनर’च्या व्याख्येवर अडते. मेडिकल कौन्सिल, भारतीय वैद्यक किंवा होमिओपॅथी यांच्या परिषदांकडे नोंद असलेलाच या व्याख्येत बसतो. राज्याच्या अ‍ॅक्युपंक्चर परिषदेचे नाव त्यात नाही. बरे, सुया एमबीबीएस डॉक्टरांनीच लावल्या तर? मग सोळाव्या क्रमांकाचे प्रमाणित अपवर्जन, म्हणजे काय वगळायचे हे सांगणारे ठरलेले कलम, पुढे येते. परिणामकारकतेचा पुरेसा वैद्यकीय पुरावा नसलेले उपचार या कलमाने वगळता येतात.

इथे आयुषचा (आयुर्वेद, होमिओपॅथी वगैरे) गोंधळ होतो. १ एप्रिल २०२४ पासून आयुष उपचारांना इतर उपचारांच्या बरोबरीने कव्हर द्यायला इर्डाई या विमा नियामक संस्थेने कंपन्यांना सांगितले आणि अनेकांना वाटले, आता अ‍ॅक्युपंक्चरही आले. ते आलेले नाही. आयुषच्या यादीत अ‍ॅक्युपंक्चर नाही आणि आयुषचे कव्हरही मुख्यतः दाखल रुग्णापुरतेच असते. दुसरीकडे महाराष्ट्राने ‘अ‍ॅक्युपंक्चर उपचारपद्धती अधिनियम, २०१५’ हा स्वतंत्र कायदा केला आणि २०१९मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानेही या पद्धतीला मान्यता दिली. म्हणजे सरकार दरबारी उपचार कायदेशीर आणि पॉलिसीच्या कागदावर उपचार करणारा बेदखल. (आमच्या अ‍ॅक्युपंक्चर क्षेत्रातल्या सभा-समारंभांत सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे नाव हटकून निघते. कोटणीस १९३८मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले, १९४२मध्ये तिथेच वारले. त्यांचे सहकारी डॉ. विजय बसू यांनी ही पद्धत १९५९मध्ये भारतात आणली. आदर आहेच, पण त्या पुण्याईवर दावे मंजूर होत नाहीत.)

कव्हर नाही म्हणून काही ठिकाणी पळवाटा निघतात, त्याही सांगायला हव्यात. एक म्हणजे सुया लावायच्या म्हणून रुग्णाला एक रात्र दाखल करून घेणे. कंपनीचा तपासनीस इनडोअर पेपर, म्हणजे दाखल असतानाच्या नोंदी मागवतो. त्यात सलाइन नाही, इंजेक्शन नाही, चार तासांनी घेतलेले बीपी नाही, मग दाखल करण्याची गरजच नव्हती म्हणून अख्खे बिल उडते. दुसरी, सिटिंगचे बिल ‘फिजिओथेरपी’ या नावाने फाडणे. ही सरळ फसवणूक आहे. पाच वर्षे सलग हप्ते भरलेल्या पॉलिसीवर कंपनी एरवी आक्षेप घेऊ शकत नाही, पण फसवणूक सिद्ध झाली तर हे संरक्षण राहत नाही. सहा-सात हजारांसाठी घरादाराची पॉलिसी पणाला लावणे शहाणपणाचे नाही.

विमा द्यायचा तर कसा, याचे नमुने तयार आहेत. अमेरिकेतील मेडिकेअर या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विमा योजनेने २१ जानेवारी २०२० पासून एकाच तक्रारीला कव्हर दिले: १२ आठवडे किंवा त्याहून जास्त टिकलेली, ठरावीक कारण न सापडलेली कंबरदुखी. ९० दिवसांत १२ सिटिंग, सुधारणा दिसली तरच आणखी ८, वर्षाला २०च्या वर नाही. गुण येत नसेल तर उपचार थांबवायचे, हे नियमातच आहे. जर्मनीत सार्वजनिक विमा २००७पासून जुनाट कंबरदुखी आणि गुडघ्याच्या संधिवातासाठी साधारण १० सिटिंगचा खर्च देतो. दुखणे निदान सहा महिन्यांचे हवे. डोकेदुखी तिथे वगळली आहे.

मात्र पुराव्याबद्दल आपल्याच बाजूने बोलायची सवय सोडली पाहिजे. जर्मनीच्या निर्णयामागच्या मोठ्या चाचण्यांपैकी एकीत कंबरदुखीचे १,१६२ रुग्ण होते. सहा महिन्यांनी खऱ्या अ‍ॅक्युपंक्चरने ४७.६ टक्के रुग्णांना फरक पडला, औषधे-व्यायाम अशा नेहमीच्या उपचारांनी २७.४ टक्क्यांना. हे दोनच आकडे आमचे लोक सांगतात. तिसरा गट गाळतात: अ‍ॅक्युपंक्चरचे ठरलेले बिंदू सोडून भलतीकडे, वरवर सुया लावलेल्यांपैकीही ४४.२ टक्क्यांना फरक पडला होता. ब्रिटनमध्ये कोणते उपचार द्यावेत याच्या शिफारशी करणाऱ्या नाइस या संस्थेने २०१२मध्ये मायग्रेन आणि ताणाच्या डोकेदुखीसाठी १० सिटिंगपर्यंत शिफारस केली, २०१६मध्ये कंबरदुखीसाठी ‘देऊ नका’ म्हटले, २०२१मध्ये काही जुनाट वेदनांसाठी एका कोर्सची मुभा दिली आणि २०२२मध्ये गुडघ्याच्या संधिवातासाठी पुन्हा नकार दिला. जर्मनी ज्याला पैसे देते त्याला ब्रिटन देत नाही. अशा स्थितीत मधुमेहापासून वंध्यत्वापर्यंत सगळ्याला कव्हर मागणे म्हणजे सोळाव्या कलमाला आयते निमित्त पुरवणे. मागणी जुनाट कंबरदुखी, मायग्रेन आणि ताणाची डोकेदुखी एवढीच ठेवावी. गुडघा वाटल्यास दुसऱ्या टप्प्यात.

आणि आधी आपले कागद सुधारावेत. तपासायला येणारी बहुतेक बिले अशी असतात: लेटरहेडवर ‘अ‍ॅक्युपंक्चर उपचार, १० सिटिंग’, खाली एकरकमी आकडा आणि सही. निदान नाही, तारखा नाहीत, नोंदणी क्रमांक नाही. किमान एवढे हवे: पाठवणाऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी आणि निदान, दुखणे कधीपासूनचे, प्रत्येक सिटिंगची तारीख व वेळ, कोणत्या बिंदूंवर किती सुया, किती मिनिटे, विद्युत उत्तेजन (सुयांतून सौम्य वीजप्रवाह) दिले का, आणि रुग्णाची सही. वेदना शून्य ते दहाच्या पट्टीवर पहिल्या, सहाव्या आणि बाराव्या सिटिंगला लिहावी. सोबत एक रोजचे काम ठरवावे, उदाहरणार्थ ठाणे स्टेशनचा पूल न थांबता चढता येतो का. सहाव्या सिटिंगपर्यंत आठाचा आकडा आठच राहिला तर थांबून रुग्णाला परत पाठवावे. रात्री वाढणारी कंबरदुखी आणि बारीक ताप, वजन उतरणे, पायातली शक्ती जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे यांपैकी काही असेल तर सुई लावूच नये, आधी एमआरआय. मणक्याचा क्षयरोग आपल्याकडे दुर्मीळ नाही.

सुरक्षेचा हिशेबही विम्याच्या करारात यायला हवा. सुई भरीव, साधारण पाव मिलिमीटर जाडीची, निर्जंतुक पाकिटातली आणि एकदाच वापरायची. दिवसाला १५ रुग्ण, प्रत्येकी १२ सुया म्हणजे १८० सुया. लावताना मोजायच्या, काढताना मोजायच्या. केसांत किंवा पाठीमागे राहिलेली सुई रुग्णाला घरी गेल्यावर सापडते, ती याच कंटाळ्यामुळे. वापरलेल्या सुया २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार पांढऱ्या अर्धपारदर्शक, टोचून भोक न पडणाऱ्या डब्यात जायला हव्यात. ओल्या-सुक्या कचऱ्यात गेल्या तर सकाळी पिशवी उचलणाऱ्या सफाई कामगाराच्या हातात घुसतात. खाटा नसलेल्या दवाखान्यालाही प्रदूषण नियंत्रण मंडळाची अनुमती लागते. ती एकदाच घ्यायची असते, तरीही टाळली जाते. पहिल्या सिटिंगला रुग्ण आडवा हवा, उपाशी नको, नाहीतर चक्कर येते. मान आणि खांद्याच्या टोकाच्या मधल्या बिंदूवर सुई खोल गेली तर फुप्फुसाला भोक पडू शकते आणि धाप काही तासांनीही लागू शकते. अशा वेळी ‘सुईचा परिणाम आहे, उतरेल’ असे फोनवर सांगायचे नाही, तातडीने छातीचा एक्स-रे काढायला धाडायचे. पेसमेकर असेल तर विद्युत उत्तेजन बाद. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते कागदावर आधी यायला हवे.

सुरुवात कुठून करावी? खासगी कंपन्यांच्या मागे लागण्याआधी वाशीच्या कामगार विमा रुग्णालयातून. राज्य कामगार विमा योजनेत ओपीडीचा उपचार मुळातच येतो, २४ तासांची अट आड येत नाही. वर्गणी मालकाची ३.२५ आणि कामगाराची ०.७५ टक्के, शिवाय आजारपणाच्या रजेचा ७० टक्के पगार वर्षाला ९१ दिवसांपर्यंत तीच योजना देते. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यांत ओझी उचलणारा, महिना २०,००० मिळवणारा कामगार कंबर धरून १५ दिवस घरी बसला, तर योजनेला ढोबळ ७,००० रुपये पडतात. एका सिटिंगचे ४०० धरले तरी १२ सिटिंगचे होतात ४,८००. पैसे खरेच वाचतात का, हे इथे मोजता येईल, कारण उपचाराचा खर्च आणि रजेचा खर्च एकाच खिशातून जातो. खासगी कंपनीला रजेशी देणेघेणे नसते.

फिजिओथेरपी विभागाशेजारी एक खोली, चार खाटा, आठवड्यातून दोन दुपारी, परिषदेकडे नोंद असलेला एक थेरपिस्ट, रुग्ण फक्त अस्थिरोग किंवा मेडिसिन ओपीडीतून पाठवलेले. शेजारच्या यादीत तेवढेच रुग्ण नुसत्या फिजिओथेरपीवर ठेवावेत, नाहीतर आपोआप बऱ्या होणाऱ्या कंबरांचे श्रेयही सुयांना जाईल. वर्षभराने वेदनेचे आकडे आणि रजेचे दिवस दोन्ही गटांचे जाहीर करावेत, आमच्या विरोधात गेले तरीही. ते आकडे हाती असतील, तर इर्डाईकडे ‘मेडिकल प्रॅक्टिशनर’च्या व्याख्येत राज्याच्या अ‍ॅक्युपंक्चर परिषदेची भर घालण्याची मागणी करता येईल.

तोवर रुग्णांनी आगाऊ पॅकेजचे पैसे भरण्यापूर्वी विमा कंपनीला ईमेल करून दोनच गोष्टी विचाराव्यात: माझ्या पॉलिसीत ओपीडीचे कव्हर आहे का, आणि या नोंदणी क्रमांकाच्या थेरपिस्टचे बिल चालेल का. एजंटचे तोंडी ‘हो’ दाव्याच्या वेळी उपयोगी पडत नाही.

आपले,
एक नोंदणीकृत अ‍ॅक्युपंक्चर थेरपिस्ट व एक आरोग्यविमा दावा तपासनीस,
ठाणे