खातं कुणाच्या नावावर? दांडिया बाजारातून एका ताईंना आभारपत्र

ताई, नमस्कार.

नाव लिहू नकोस असं तुम्ही दोनदा सांगितलंत म्हणून लिहीत नाहीये. पण आभार मात्र चारचौघांत मानणार, कारण समोर मानायला गेलो की तुम्ही विषय बदलता आणि आईला विचारता अस्तर कुठून आणता म्हणून. आणि दुसरं कारण असं की तुम्ही जे मला शिकवलंत ते माझ्यासारख्या अजून कितीतरी जणांना हवंय. आपल्या बडोद्यातच घरातून चनियाचोळी, केडियुं (पुरुषांचा गरब्याचा घेरदार अंगरखा), ऑक्साइडचे दागिने विकणारे इतके लोक आहेत, सगळे इन्स्टावर जाहिरात करतात आणि प्रत्येकाला कधी ना कधी तो मेसेज येतोच की आमच्याकडून एजन्सीचं खातं (म्हणजे त्यांच्या नावावरचं जाहिरातीचं खातं, आपण भाड्याने वापरायचं) घ्या, लिमिट नाही, बंद होत नाही, लगेच चालू.

वाचणाऱ्यांसाठी थोडं आधीचं सांगतो. आई दांडिया बाजारातल्या घरी तीस वर्षं शिवतेय, चार वर्षांपासून मी तिचं काम ऑनलाइन विकतो. आमचं वर्ष म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबर. नवरात्राच्या आधी पाच-सहा आठवड्यांत जे विकलं जातं त्यावरच पुढचे महिने निघतात, इथल्या मोठ्या मैदानांवर गरब्याला जाणाऱ्या पोरी तर असतातच पण मुंबई-पुणे-सुरत आणि थोड्या ऑर्डरी न्यू जर्सी, लेस्टरच्या पण असतात, आणि ह्या सगळ्या जाहिरातीतूनच येतात, दुकान तर आमचं नाहीच.

२०२५ ला गणपती २७ ऑगस्टला बसले आणि २९ ला सकाळी उठून बघतो तर जाहिरातीचं खातं बंद. नवरात्र २२ सप्टेंबरला. घरात शिवून तयार पडलेले सत्तर सेट.

चूक माझीच होती हे तेव्हा कळत नव्हतं. माझं खातं कार्डवालं, म्हणजे जे सगळेच काढतात ते, जाहिरात आधी चालते आणि पैसे मागाहून कटतात. एक ठरलेली रक्कम असते, तेवढा खर्च झाला की कार्डावर बिल पडतं, शिवाय महिन्यातून एक तारीख असते त्या दिवशी उरलेलं कटतं. नव्या खात्याला ती रक्कम छोटी असते, पैसे नीट भरले जात राहिले की वाढते. माझी बरीच वाढली होती आणि मी त्यावर खूश होतो, पण मला हे माहीतच नव्हतं की रिझर्व्ह बँकेचा नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून असा आहे की कार्डावरून आपोआप कटणाऱ्या पैशाला आधी तुमची मंजुरी लागते आणि एका रकमेच्या वर गेलं की दर वेळी ओटीपी, ती रक्कम सुरुवातीला ५ हजार होती आणि जून २०२२ मध्ये १५ हजार केली. सीझनमध्ये माझं बिल १५ च्या वर गेलं आणि पेमेंट फेल. मी घाबरलो, आणि एका रात्रीत तीन कार्डं लावून बघितली, एक माझं दुसरं, एक जिजूंचं, एक मामाचं. वेगवेगळ्या नावांची कार्डं एका खात्यावर एका रात्रीत! तुम्ही नंतर म्हणालात की बाहेरून बघणाऱ्याला हे चोरीच्या कार्डांसारखंच दिसतं, तेव्हा मला कळलं की खातं का बंद झालं.

मग ओळखीतून एजन्सी खातं मिळालं. त्या लोकांचं नाव घ्यायचं नाहीये. पैसे आधी भरायचे, ते खात्यात डॉलरमध्ये दिसणार, वर ५ टक्के त्यांचे. चार दिवस छान चाललं, ऑर्डरी आल्या. पाचव्या दिवशी ते पण बंद, आणि आत माझे बावीस हजार. फोन केला तर म्हणे वरून प्रॉब्लेम आहे, पुढच्या आठवड्यात बघू. नंतर कळलं की त्याच बिझनेसखाली (जाहिरातीची खाती ज्यात ठेवतात ते मोठं खातं) अजून कुणीतरी वजन कमी करायच्या पावडरची जाहिरात चालवत होतं, ते पकडले गेले आणि त्या बिझनेसवरच बंदी आली, त्यात माझं खातंही गेलं.

आणि त्याच संध्याकाळी तुम्ही आलात, भाचीची चोळी सैल करून न्यायला. मी कोपऱ्यात फोन घेऊन बसलेलो, आईनेच तुम्हाला सांगितलं की ह्याने दोन दिवस नीट जेवलंच नाहीये. तुम्ही पहिला प्रश्न विचारलात तो मला आजही तसाच ऐकू येतो, "खातं कुणाच्या नावावर आहे?" मी म्हटलं जाहिराती माझ्याच आहेत. तर तुम्ही म्हणालात, जाहिराती नाही विचारल्या, खातं विचारलं.

तुम्ही एजन्सीत काम करता. तुमच्या ऑफिसात एजन्सी खाती आहेत, क्रेडिट लाइन म्हणजे जाहिरात उधारीवर चालवायची सोय आहे, तुम्ही त्या दिवशी मला आमच्याकडून घे म्हणाला असतात तर मी डोळे मिटून घेतलं असतं, विचारलं पण नसतं कितीला. त्याऐवजी तुम्ही आईची मापाची वही मागितलीत, शेवटचं कोरं पान उघडलंत, मधोमध रेघ मारलीत, डावीकडे कार्ड आणि उजवीकडे एजन्सी, आणि साडेनऊपर्यंत बसलात. भाची दोनदा फोन करत होती.

त्या पानाचा फोटो माझ्याकडे आहे, त्यातलं जे मला सगळ्यात जास्त लागलं ते लिहितो.

पहिलं बिल. तुम्ही विचारलंत जीएसटी नंबर खात्यात टाकलायस का? चार वर्षांत टाकला नव्हता. नंबर आहे, बाहेरच्या राज्यात माल पाठवतो म्हणून घेतलेला, रिटर्न भरतो, पण जाहिरातीच्या खात्यात टाकायचा असतो हे कुणी सांगितलंच नाही. भारतातलं रुपयातलं खातं असेल तर बिल मेटाच्या (फेसबुक-इन्स्टावाल्यांच्या) इथल्या कंपनीचं येतं, त्यावर १८ टक्के जीएसटी, आणि आपला नंबर त्यावर असला की तो क्रेडिटमध्ये, म्हणजे आपण भरायच्या जीएसटीतून वजा होऊन, परत मिळतो. ५० हजारांच्या जाहिरातीवर ९ हजार! मी दर सीझनला ते सोडून देत होतो. आणि एजन्सीच्या बाजूला तुम्ही लिहिलंत, बिल कोण देणार? इथली नीट एजन्सी असेल तर ती स्वतःचं बिल देते, तिच्या फीवर पण जीएसटी लागतो, पण तो पण क्रेडिटमध्ये येतो, तेव्हा ते काही वाईट नाही. माझ्या त्या भाड्याच्या खात्यात मात्र बिलच नव्हतं, व्हॉट्सअ‍ॅपवर एक स्क्रीनशॉट होता फक्त.

दुसरं वेळ. हे तर मला अजिबातच सुचलं नसतं. खातं काढताना जी करन्सी, जो टाइमझोन निवडला तोच राहतो, बदलायचा तर नवीन खातं. ते भाड्याचं खातं हाँगकाँगच्या वेळेवर होतं. हाँगकाँग आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, म्हणजे तिथे रात्रीचे बारा वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेनऊ. माझ्या जाहिरातीचा दिवसच रात्री साडेनऊला उजाडत होता, आणि मी रोज सकाळी कालचा हिशोब म्हणून जे बघत होतो तो काल नव्हताच. चार दिवस मी चुकीचे आकडे बघून बजेट वरखाली करत बसलो होतो.

तिसरं पिक्सेल. इथे तुम्ही मला समजावत होतात की वेबसाइटवर जो छोटा कोड असतो तो कुणी काय बघितलं, कुणी घेतलं ते लक्षात ठेवतो आणि त्यावरूनच पुढची जाहिरात कुणाला दाखवायची ते ठरतं, मला अर्धंच कळत होतं, आणि आई हातातलं बक्कलाचं काम न थांबवता म्हणाली, "म्हणजे मापाची वहीच की." तुम्ही हसलात, आणि म्हणालात काकू, अगदी बरोबर, मशीन भाड्याचं चालेल पण मापाची वही दुसऱ्याच्या घरी नाही ठेवायची. मी ठेवली होती ताई. एजन्सीवाल्यांनी सांगितलं आमचा पिक्सेल लावा, मी लावला, जुना काढला. त्या चार दिवसांतली सगळी गिऱ्हाइकं त्यांच्या वहीत लिहिली गेली. आणि जाहिरात नव्या खात्यात गेली की शिकणं पण परत पहिल्यापासून, आठवड्याला साधारण ५० ऑर्डरी आल्या की ती स्थिर होते, आमच्यासारख्या छोट्या घराला ५० ऑर्डरी म्हणजे काय ते शिवणाऱ्यालाच माहीत.

पण तुम्ही एजन्सीला नावं ठेवली नाहीत, आणि हेच मला फार आवडलं. महिन्याला लाखांत खर्च असेल, कार्डाची लिमिट पुरत नसेल, सगळ्या महिन्याचं मिळून एकच बिल हवं असेल, अडलं तर बोलायला समोर माणूस हवा असेल तर एजन्सी घ्यावीच असं तुम्ही ठाम सांगितलंत. फक्त पद्धत उलटी हवी. बिझनेस आपला, जाहिरातीचं खातं आपल्या बिझनेसमध्ये, पिक्सेल आपला, आणि एजन्सीला पार्टनर म्हणून आत घ्यायचं, काम झालं की बाहेर करायचं, वही घरातच. जी एजन्सी ह्याला नाही म्हणते तिला का नाही ते विचार, एवढंच बोललात.

आणि "बंद होत नाही" ह्या वाक्यावर तर तुम्ही चिडलाच होतात. म्हणालात नियम सगळ्यांना तेच आहेत, असं खातं नसतंच, आणि जो छातीठोकपणे सांगतो तो एक बंद झालं की दुसरं काढून देणार असतो, तुझ्या पैशाने.

मग पुढचे सहा दिवस. मी नवीन प्रोफाइल काढून नवीन खातं उघडणार होतो, तुम्ही जवळजवळ हातातून फोनच घेतलात, की बंद खात्याला वळसा घालून दुसरं काढलं तर तीच मोठी चूक धरतात. आधी बाकी बघ. बघितलं तर तीन हजार चारशे रुपये थकलेले, तिथेच समोर दिसत होते, मी ते भरलेच नव्हते कारण मला वाटलं खातं बंद तर भरायचं कशाला. ते भरले. जिजूंचं आणि मामाचं कार्ड काढलं. माझी ओळख दिली, जीएसटीचं सर्टिफिकेट लावलं, दोन पायऱ्यांचं लॉगिन चालू केलं, आणि रिव्ह्यूला, म्हणजे खातं परत तपासा म्हणून मेटाला करायच्या अर्जात, जे लिहायचं ते तुम्ही मला स्वतः लिहायला लावलंत, रडगाणं नको, काय झालं ते सरळ चार ओळीत लिही, तीन कार्डं का लावली ते पण लिही. मी लिहिलं. सहाव्या दिवशी खातं उघडलं तेव्हा मी रावपुऱ्यात कुरिअरवाल्याकडे उभा होतो आणि मला तिथेच बसावंसं वाटलं.

आता मी एकच कार्ड ठेवतो, माझ्या नावाचं, बँकेत मंजुरी देऊन ठेवलेलं, आणि बिल पडायची ती ठरलेली रक्कम स्वतः १५ हजारांच्या खाली लावून ठेवतो म्हणजे बिल त्याच्या वर एकदम जातच नाही. धाकट्या चुलतभावाने नवीन खातं काढलं त्याला तुमचंच सांगितलं, की बाबा तू सुरुवातीलाच आधी पैसे भरायची पद्धत घे, यूपीआयने टाक आणि तेवढंच चालव, संपलं की जाहिरात थांबेल पण उधारी तर होणार नाही. सीझनमध्ये मधेच थांबणं मला परवडत नाही म्हणून मी कार्डवरच राहिलो. तुम्ही म्हणालात दोन्ही बरोबर आहे, ज्याचं त्याने बघावं.

आदल्या वर्षाइतकी विक्री नाही झाली. सत्तरमधले एकोणीस सेट राहिले. पण कापडवाल्याची उधारी दसऱ्याच्या आत फिटली आणि आईच्या हाताखालच्या दोघींचे पैसे एक दिवस पण थांबले नाहीत. बावीस हजारांतले अर्धे डिसेंबरात आले, ते पण तुम्ही लेखी मेल टाकायला लावलात म्हणून, बाकीच्याचं अजून चालूच आहे.

तुम्ही फी घेतली नाहीत. केडियुं दिलं तर भावाला नाही लागत म्हणालात, मिठाई आणली तर भाचीला अर्धी देऊन बाकीची आमच्याच घरी ठेवून गेलात. आईचं म्हणणं वेगळंच आहे, ती म्हणते त्या मुलीने इतका वेळ बसून त्या वहीत लिहिलं आणि तिचं स्वतःचं माप त्या वहीत नाही. रेघ मारलेल्या त्या पानाच्या मागच्या बाजूला तिने तुमचं नाव घालून जागा सोडलीय, उंची, छाती, कंबर, सगळं रिकामं. मश्रूचं कापड आणून ठेवलंय, रंग मला सांगू नको म्हणालीय. येत्या रविवारी चारनंतर आम्ही घरीच आहोत, माप द्यायला या.