गाडीच्या पासिंगला भरलेला टॅक्स इन्कम टॅक्समध्ये का धरत नाहीत?

मा. संपादक साहेब, नमस्कार.

दिवाळीत भाच्याचा कॅलिफोर्नियाहून फोन आलेला, बोलता बोलता तो म्हणाला, मामा आमच्याकडं गाडीच्या रजिस्ट्रेशनला भरलेल्या पैशातला एक हिस्सा टॅक्स लागणाऱ्या उत्पन्नातून वजा करता येतो. माझ्या पोरानं नुकतीच गाडी घेतलेली, तो शाळेत नोकरीला आहे, त्यामुळं घरात सगळ्यांनी कान टवकारले. आठ लाखाची गाडी. कर्नाटकात पाच ते दहा लाखाच्या गाडीला १४ टक्के लाईफटाईम टॅक्स (एकदाच भरायचा रोड टॅक्स), म्हणजे १ लाख १२ हजार, वर त्या टॅक्सवर सेस वेगळा. रजिस्ट्रेशनची खरी फी किती तर ६०० रुपये! पण आपण सगळ्यालाच पासिंग म्हणतो, "पासिंगला सव्वा लाख गेले" असं.

मग मी पोराच्या रिटर्नचं काय होतंय ते बघायला आमच्या ऑडिटरकडं गेलो. त्यांनी सरळ सांगितलं, पगारदार माणसाला यातला एक रुपयासुद्धा वजा मिळत नाही. जुन्या पद्धतीत ५० हजार आणि नवीन पद्धतीत ७५ हजार स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे खर्च न दाखवता मिळणारी सरसकट वजावट, ते गाडी असो नसो सगळ्यांना सारखंच. १९६१ च्या कायद्याच्या जागी १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवीन कायदा, पण कलमांचे नंबर बदलले तरी पगारदारासाठी ही सोय त्यातही नाही. म्हणजे पोरानं आधी पगारावर टॅक्स भरला, उरलेल्यातनं पैसे साठवले, आणि त्या साठवलेल्या पैशातनं राज्य सरकारला सव्वा लाख दिले. ही गोष्ट मला पटत नाही आणि म्हणूनच हे पत्र लिहायला बसलोय.

भाच्याला नंतर परत फोन करून नीट विचारून घेतलं, कारण अर्धवट ऐकून पेपरला लिहिणं बरं नव्हे. तिथंसुद्धा सगळं वजा होत नाही. गाडीच्या किमतीवर जो भाग लागतो आणि दरवर्षी लागतो तेवढाच धरतात. कॅलिफोर्नियाच्या बिलात तो भाग व्हीएलएफ (व्हेईकल लायसन्स फी) म्हणून वेगळा दाखवलेला असतो, गाडीच्या चालू किमतीच्या ०.६५ टक्के. वजनावर लागणारी फी, नंबर प्लेटची फी, हे सगळं बाद. शिवाय जो माणूस स्टँडर्ड डिडक्शन सोडून एकेक खर्च मांडतो त्यालाच हे मिळतं, आणि राज्याचे आणि स्थानिक टॅक्स सगळे मिळून २०१८ पासून १० हजार डॉलरची मर्यादा होती ती २०२५ साठी ४० हजार केली. पण तत्त्व बघा, किमतीवर लागतो तो टॅक्स, आणि एका सरकारला दिलेल्या टॅक्सवर दुसऱ्या सरकारनं परत टॅक्स घेऊ नये. आपला लाईफटाईम टॅक्ससुद्धा किमतीवरच लागतो की! फक्त दरवर्षी न घेता एकदम घेतात.

आता आमच्या सीमाभागाचं सांगतो. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या माणसाचं अर्धं जगणं कोल्हापूर, चंदगडकडं. शिनोळीत कामाला जाणारे रोज सीमा ओलांडतात. महाराष्ट्रात दहा लाखाच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के, म्हणजे त्याच आठ लाखाच्या गाडीला ८८ हजार. २४ हजाराचा फरक, तोही सेस सोडून. म्हणून किती जण कोल्हापूरच्या पाहुण्याच्या पत्त्यावर एमएच ०९ घेतात हे सगळ्यांना माहीत आहे, मी ते बरोबर म्हणत नाही. पण ज्याची खरोखर बदली झाली, लग्न होऊन जो इकडं आला, त्याचं काय? १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ४७ व्या कलमाप्रमाणं गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिली की नवीन नंबर घ्यावा लागतो, तिकडनं एनओसी आणा, इकडं परत टॅक्स भरा, आणि तिकडचा उरलेला टॅक्स परत मिळायला अर्ज करून वाट बघत बसा. राज्य बदललं तरी नवीन नंबर घ्यावा न लागणारी बीएच सिरीज २०२१ मध्ये आली, पण ती सरकारी नोकरांना आणि चार किंवा जास्त राज्यांत ऑफिसं असलेल्या कंपनीतल्या लोकांना. उद्यमबागेत लेथवर काम करणाऱ्याच्या मालकाची चार राज्यांत ऑफिसं कुठनं असणार? या माणसाला दोनदा भरलेल्या टॅक्सपैकी एकदाचा तरी इन्कम टॅक्समध्ये धरावा, हे मागणं जास्त आहे असं मला वाटत नाही.

धंदेवाल्यांचं वेगळं आहे, आणि इथं आपल्याच लोकांचं नुकसान होतंय ते न कळल्यामुळं. माझं छोटं वर्कशॉप आहे, माल पोचवायला छोटा हत्ती घेतला तेव्हा एका एजंटाला एकरकमी पैसे दिले, पावती मागायचं सुचलंच नाही. शोरूमच्या बिलाच्या रकमेवरच चार वर्षं घसारा (गाडीच्या झिजेपोटी दरवर्षी मिळणारी वजावट) धरला गेला. नंतर कळलं की घेताना भरलेला टॅक्स आणि रजिस्ट्रेशन फी गाडीच्या किमतीत मिळवता येते आणि त्या सगळ्यावर घसारा मिळतो, स्वतःच्या धंद्यात वापरली तर १५ टक्के आणि भाड्यानं चालवायची गाडी असेल तर ३० टक्के. पुढं दरवेळी भरायचे तिमाही टॅक्स, फिटनेस, परमिट, हे त्या वर्षाच्या खर्चात जातात, पण टॅक्स प्रत्यक्ष भरलेला पाहिजे, नुसता देणं लागतोय म्हणून चालत नाही. कायदा मोडल्याचा दंड भरला असेल तर तो मात्र खर्चात धरत नाहीत. गाडी घरीपण वापरत असाल तर धंद्याचा जेवढा हिस्सा तेवढाच. आणि जे टेंपोवाले हिशेब न ठेवता ठोक उत्पन्न दाखवतात, दहा गाड्यांपर्यंत, १२ टनापर्यंतच्या गाडीमागं महिन्याला ७५०० धरून, त्यांना यातलं काहीच वेगळं वजा मिळत नाही, ते सगळं त्यातच आलं असं धरतात. गाडी महिनाभर गॅरेजला पडून असली तरी तो महिना मोजतात. एका गाडीचे वर्षाचे ९० हजार होतात. मंदीच्या वर्षात एवढं खरंच सुटतं का, हे मार्केट यार्डात उभ्या असलेल्या कुठल्याही ड्रायव्हर मालकाला विचारा. सही करायच्या आधी हे ऑडिटरकडनं समजून घ्या.

पगारदारासाठी माझी मागणी एवढीच आहे. रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं, मग लाईफटाईम टॅक्स १५ भागात वाटून दरवर्षी एक भाग वजा करू द्या. पोराच्या १ लाख १२ हजाराचे वर्षाला साडेसात हजाराच्या आसपास होतात, २० टक्क्यांच्या पट्टीत असला तर वाचणार दीड हजार. रक्कम लहान आहे हे मला कळतंय, पण घरात गॅसचा एक सिलेंडर तरी त्यात नक्की येतो. श्रीमंतांच्या गाड्यांना ही सोय नको असं कुणी म्हणेल तर दहा लाखाच्या आतल्या एकाच गाडीला द्या, माझी हरकत नाही. इलेक्ट्रिक गाडीच्या कर्जाच्या व्याजाला दीड लाखापर्यंत वजावट दिलीच होती की, ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांना, म्हणजे घरच्या गाडीसाठी सोय करता येतच नाही असं काही नाही.

इन्कम टॅक्स केंद्राचा आहे, त्यामुळं हे बेंगळुरूला सांगून होणार नाही, दिल्लीत आपल्या खासदारानं बजेटच्या आधी मांडलं पाहिजे. तुमच्या पेपरातनं हे छापून आलं तर त्याचं कात्रण जोडून मी खासदारांना पत्र पाठवणार आहे, आणखी कुणाला सही करायची असेल तर उद्यमबागेत आमच्या वर्कशॉपमध्ये कागद ठेवलाय.

आपला,
एक वर्कशॉपवाला, वडगाव, बेळगाव