घरी बांधलेलं विमान तपासतं कोण?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी विमान बांधणाऱ्यांवर आलेला मजकूर वाचला. लिहिणाऱ्याने मनापासून लिहिलंय. पण त्यात 'जुगाड' हा शब्द चार वेळा आला आणि चारही वेळा मला टोचला. मी 1981 ते 2019 ओझरच्या विमान कारखान्यात एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाचा सांगाडा जोडणारा कामगार, होतो. आधी मिग-21, मग मिग-27, शेवटी सुखोई-30. अडतीस वर्षं पत्रा आणि रिव्हेट (पत्रे जोडणारे धातूचे खिळे) यांच्यात गेली. गेल्या वर्षी मार्च ते ऑगस्ट मी लेकीकडे अमेरिकेत होतो, मिलवॉकीजवळ. ते सहा महिने तिच्या गॅरेजमध्ये एका विमानाच्या पंखावर काम केलं. म्हणून हे पत्र.

लेक आणि जावई बांधताहेत ते दोन आसनी आरव्ही-9ए, ऑरेगन राज्यातल्या व्हॅन्स कंपनीचं किट. या कंपनीच्या रचनांची अकरा हजारांहून जास्त विमानं लोकांनी स्वतः बांधून उडवली आहेत. किट म्हटल्यावर आपल्याकडे लोकांना वाटतं, कपाटासारखे सुटे भाग येतात आणि नटबोल्ट आवळले की झालं. मीही जाईपर्यंत साधारण तसंच समजत होतो. प्रत्यक्षात येतात ते लाकडी खोक्यांत कागदात गुंडाळलेले ॲल्युमिनियमचे पत्रे, रिब (फासळ्या), स्पार (पंखाच्या मुख्य तुळया) आणि रिव्हेटच्या पिशव्या. भोकं आधीच पाडलेली असतात, एवढीच सोय. ती नीट करायची, कडा साफ करायच्या, प्रायमर मारायचा, क्लिकोने, म्हणजे पत्रे धरून ठेवणाऱ्या पिनांनी, तात्पुरतं धरायचं आणि मग एकेक रिव्हेट बसवायचा. आधी शेपटी, मग पंख, मग धड, इंजिन शेवटी. दीड-दोन हजार तास सहज जातात. नोकरी करून शनिवार-रविवार आणि रोज संध्याकाळी दोन तास दिले तरी वर्षं लागतात. तिथल्या कायद्यानुसार अर्ध्याहून जास्त काम बांधणाऱ्याने स्वतः, शिकण्यासाठी किंवा हौसेसाठी केलेलं असावं लागतं. तरच ते विमान हौशी बांधणीच्या वर्गात नोंदवलं जातं. आत शिरताना दिसेल असं 'एक्सपेरिमेंटल' (प्रायोगिक) हे दोन इंची अक्षरांत लिहावं लागतं, म्हणजे बसणाऱ्याला आपण कशात बसतोय ते कळतं. शिवाय पहिले 25 ते 40 तास ठरवून दिलेल्या भागातच उडवायचं, प्रवासी घ्यायचा नाही. यात जुगाड कुठे आहे?

आता रिव्हेटबद्दल. कारखान्यात जुनी माणसं त्याला रिपीट म्हणत. एक जण बाहेरून हवेवर चालणारी गन धरतो, दुसरा आतून रिव्हेटच्या शेपटाला लोखंडाची जड डॉली टेकवतो. गनचे ठोके बसले की शेपूट डॉलीवर चेपून त्याचं डोकं तयार होतं. सव्वातीन मिलिमीटर जाडीचा रिव्हेट असेल तर हे डोकं पावणेपाच मिलिमीटर रुंद आणि साधारण दीड मिलिमीटर उंच व्हायला हवं. कमी ठोकला तर ढिला राहतो, जास्त ठोकला तर पत्रा फुगतो. डॉली तिरकी धरली तर शेपूट एका अंगाला वाकतं. आतला माणूस बाहेरच्याला दिसत नाही आणि गनच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही. म्हणून आतून पत्र्यावर टिचक्या द्यायच्या. एक म्हणजे अजून मार. दोन म्हणजे झाला. तीन म्हणजे बिघडला, काढ.

हे मी लेकीला पहिल्याच दिवशी शिकवलं. ती बाहेर, मी आत. तिसऱ्या आठवड्यात डाव्या पंखाच्या मागच्या बाजूला, हात जेमतेम पोचतो अशा जागी, माझी डॉली घसरली आणि रिव्हेट आडवा झाला. मी तीन टिचक्या दिल्या. बारीक ड्रिलने बाहेरचं डोकं काढलं, शेपूट पंचने पाडलं, भोक मोठं झालेलं नाही हे तपासलं, नवा मारला. विषय संपला असं मला वाटलं. रात्री जेवण झाल्यावर ती वहीत लिहीत बसली होती. मी पाहिलं तर त्यात वाकलेल्या रिव्हेटचा फोटो चिकटवलेला, शेजारी जागा, तारीख, आणि मराठीत: 'अप्पांकडून एक वाकला. काढला. भोक ठीक. नवा मारला.'

मी विचारलं, ''अगं, हेही लिहायचं?''

''तुम्हीच सांगायचात ना अप्पा, तिकीट नंबर पडल्याशिवाय काम आपलं होत नाही,'' ती म्हणाली.

खरंच आहे. कारखान्यात प्रत्येक कामाच्या कागदावर माझा तिकीट नंबर, म्हणजे कामगार क्रमांक, असे आणि त्याच्याखाली तपासनिसाचा शिक्का. त्या शिक्क्याशिवाय एकही पोकळी बंद होत नसे. लहानपणी हे तिने माझ्या तोंडून इतक्यांदा ऐकलं असेल याची मला कल्पना नव्हती.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते सांगतो. पंखाचा खालचा पत्रा लावून तो बंद करायच्या आधी, जूनमध्ये, एक म्हातारे गृहस्थ टॉर्च आणि दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला आरसा घेऊन गॅरेजमध्ये आले. तिकडे एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन नावाची संस्था आहे. पॉल पोबेरेझ्नी यांनी ती 1953 साली मिलवॉकीतच सुरू केली. या संस्थेचे टेक्निकल कौन्सेलर असतात, म्हणजे स्वतः विमानं बांधलेली, दुरुस्त केलेली अनुभवी माणसं. बोलावलं की ती येतात, काम पाहतात, पैसे घेत नाहीत. सही करून परवानगी देणं हे त्यांचं काम नव्हे, ते सरकारी तपासनीस शेवटी येऊन करतो. यांनी फक्त पाहायचं आणि स्पष्ट सांगायचं.

ते दीड तास पंखात डोकं घालून होते. रिव्हेटवर बोट फिरवलं, मान हलवली. मग आरसा एका रिबच्या भोकाशी धरला आणि मला खूण केली. दिव्याची वायर त्या भोकातून गेली होती आणि तिथे रबराची चकती बसवायची राहिली होती. पत्र्याची कड उघडी. उडताना थरथर होते, कड वायरचं कवच घासते, शंभर-दोनशे तासांनी आतली तार पत्र्याला लागते. त्या भोकावरून माझा हात दहा वेळा गेला होता. मला तिथे फक्त रिव्हेट दिसत होते, कारण आयुष्यभर मी तेच पाहिलं. अडतीस वर्षांच्या माणसाच्या नजरेतूनही हे सुटतं. कामाच्या कौशल्याबद्दल मी बोलत नाही. स्वतःच्या कामावरून दुसऱ्याची नजर फिरावी लागते, ती मुकाट्याने फिरू द्यावी लागते.

निघताना त्यांनी आमचं काम थोडा वेळ पाहिलं. मी आतून दोन टिचक्या दिल्या तसे ते मोठ्याने हसले आणि त्यांनीही पंखावर दोन टिचक्या मारल्या. हीच खूण ते तरुणपणी शिकले होते. माझं इंग्रजी तोडकं, त्यांना मराठी येण्याचा प्रश्नच नाही, पण त्यानंतर आमचं कुठे अडलं नाही.

जुलैत त्यांनीच आम्हाला ऑशकॉशला नेलं. तिथे दरवर्षी या संस्थेचा मेळा भरतो आणि दहा हजारांहून जास्त विमानं त्या परिसरात उतरतात. घरी बांधलेल्या विमानांच्या रांगा संपता संपत नव्हत्या. लोक गवतावर उताणे पडून परक्याच्या विमानाचं पोट पाहत होते आणि मालक शेजारी उभा राहून विचारेल त्याला उत्तर देत होता.

आता आपल्याकडे येतो. ऑगस्ट 2021 मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातला विशीतला वेल्डर स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेताना गेला. फिरतं पातं तुटलं आणि त्याच्या डोक्याला लागलं. त्याने मारुती 800 चं इंजिन वापरलं होतं. शाळा अर्धवट सुटलेल्या त्या मुलाने वेल्डिंगच्या दुकानात एवढं उभं केलं. बातमी वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही. त्याची हिंमत आणि त्याचा हात, दोन्ही खरे होते. ज्या जोडावर ते पातं होतं तो जोड पाहून 'हे सुरू करू नकोस, आधी हे काढ' असं म्हणणारा एकही माणूस त्याला भेटला नाही. असा माणूस ओझरला, यवतमाळपासून एका रात्रीच्या प्रवासावर, माझ्या एकट्याच्या गल्लीत चार घरांत राहतो.

कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान उभं करणारे कॅप्टन अमोल यादव आपल्याला माहीत आहेत. ते किट नव्हतं, रचनाही त्यांची स्वतःची. 2016 साली मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते ठेवलं गेलं आणि नोंदणी मिळायला 2017 उजाडलं. यादव स्वतः वैमानिक, ते टिकून राहिले. खेड्यातला मुलगा सरकारदरबारी खेटे घालत नाही. तो थेट इंजिन सुरू करतो.

किट आपल्याकडे फार थोड्यांना परवडेल हे मला कळतं. लेकीचं विमान पुरं होईपर्यंत एक लाख डॉलरच्या पुढे जाईल, तेही दोघं नोकरी करतात म्हणून. तेव्हा सगळ्यांनी किट मागवा असं मी सांगत नाही. माझं मागणं किटमागच्या व्यवस्थेचं आहे. 1934 चा विमान कायदा जाऊन 1 जानेवारी 2025 पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला आहे. त्याखालचे नियम आणि सूचना घडत असताना हौशी बांधणाऱ्याच्या दारात जाऊन काम पाहणाऱ्या अनुभवी माणसांची यादी जिल्हावार करावी. ओझर, नागपूर, बंगळूर, कानपूर इथून निवृत्त झालेले फिटर, तपासनीस, वायुदलातले तंत्रज्ञ यांना तीत घ्यावं. आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये महिन्यातून एक रविवार ठेवावा, ज्याने काही बांधलंय त्याने ते तिथे आणावं, कुणी रागावणार नाही, दंड होणार नाही. पाहून झाल्यावर जे उडवू नये ते उडवू नकोस असं तोंडावर सांगावं आणि काय शिकायला हवं तेही सांगावं. याला फार पैसा लागत नाही. माझ्यासारख्यांना प्रवासभाडंही नको.

आपल्यालाही एक विनंती. यापुढे अशी बातमी छापताना वार्ताहराने त्या मुलाला एक प्रश्न जरूर विचारावा: हे तुझ्याशिवाय कुणी तपासलं? उत्तर 'कुणी नाही' असेल, तर त्याला माझा पत्ता द्यावा. तो आपल्या कार्यालयाकडे या पत्रासोबत दिला आहे, छापू नये. नाशिक, धुळे, जळगाव, संभाजीनगर इथे मी एसटीने स्वतः येईन. आरसा आणि टॉर्च माझ्याकडे आहेत. आरसा त्या गृहस्थांनी निघताना मला दिला.

आपला,
एक निवृत्त एअरफ्रेम फिटर
ओझर, जि. नाशिक