यूंडेच्या घरातून आई-बाबांना

तीर्थरूप आई आणि बाबांस साष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी फोनवरच सांगायचे ठरवले होते. पण आई, तू नेमकी माझ्या खोलीला नवा रंग दिल्याचे सांगत होतीस आणि मला पुढे बोलवेना. म्हणून लिहिते आहे. आम्ही दोघांनी जर्मनीतल्या यूंडे या गावात घर घेतले. करार झाला आहे. येथे नोटरीसमोर बसावे लागते आणि तो सगळा दस्त पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचून दाखवतो. ते वाचन चालू असताना मला सारखे वाटत होते की शेजारच्या खुर्चीवर बाबा असायला हवे होते, कारण सातबारा असो की सोसायटीची नोटीस, बाबा एकही शब्द सोडत नाहीत.

घर घेतले म्हणजे मुलीने परतीची वाट मोडली, असे कृपा करून मनात आणू नका. माझे काम ग्योटिंगेनच्या विद्यापीठात आहे आणि ते अजून काही वर्षे तरी सुटणार नाही. शहरातल्या भाड्यात जे पैसे जात होते तेच आता हप्त्यात जातील. शिवाय घर विकता येते, आणि तुमच्या जावयांनी ते गणितही मांडून ठेवले आहे. ही सगळी कारणे खरी आहेत, पण ती मी तुम्हाला सांगते आहे की स्वतःलाच समजावते आहे, हे लिहिताना मलाही कळत नाही. एक कारण मात्र अगदी साधे आहे. शहरातल्या त्या चौथ्या मजल्यावर मला कधी शेणाचा वास आला नव्हता, आणि यूंडेत गाडीतून पहिल्यांदा पाय खाली ठेवला तेव्हा तो आला.

बाबा, या गावाची गोष्ट तुम्हाला सविस्तर सांगायलाच हवी. जेमतेम साडेसातशे वस्तीचे गाव, मध्ये चर्च, भोवती लाकडी चौकटीत भिंती भरून बांधलेली जुनी घरे, आणि मग गहू, मोहरीसारखे पिवळे फुलणारे रेपसीडचे पीक आणि डोंगरकडेचे जंगल. ग्योटिंगेनच्या प्राध्यापकांना असे एक गाव हवे होते की जे आपली वीज आणि ऊब आपल्याच शेतातून काढील. बरीच गावे पाहून त्यांनी यूंडे निवडले. गावकऱ्यांनी सहकारी संस्था काढली, शेअर घेतले, आणि 2005 साली प्रकल्प सुरू झाला. जर्मनीतले पहिले जैवऊर्जा गाव हेच. नव्या ऊर्जेच्या विजेला 20 वर्षे ठरलेला दर देणारा कायदा 2000 साली झाला होता, म्हणून शेतकऱ्यांना एवढे धाडस करता आले. सहकाराचे हे सारे आपल्याकडच्या माणसाला फोडून सांगावे लागत नाही.

यंत्र म्हणाल तर आपला गोबरगॅसच, फक्त फार मोठा. गाईगुरांचे पातळ शेण आणि मका आणि राय या गव्हासारख्या धान्याचा मुरवलेला हिरवा चारा बंद टाकीत कुजतो आणि त्याच्या गॅसवर इंजिन चालते; सुरुवातीला ते 700 किलोवॅटचे होते. वीज तारेने बाहेर जाते, आणि इंजिन गार करताना जे पाणी तापते ते जमिनीखालच्या साडेपाच किलोमीटर नळांतून घरोघर फिरते. कडाक्याच्या थंडीत जोडीला लाकडाच्या ढलप्यांचा बंब पेटवतात. उरलेली मळी पुन्हा शेतात जाते. आपल्या गोबरगॅसचा ड्रम पौष महिन्यात गॅस कमी होऊन खाली बसायचा आणि आई पहाटे चुलीला फुंकर घालत तुम्हाला काही न बोलता बरेच काही बोलायची, ते आठवते ना? येथे टाकीलाच त्या उष्णतेतला वाटा देऊन ती गरम ठेवतात, म्हणून थंडीतही गॅस कमी पडत नाही. हे ऐकल्यावर मला पहिल्यांदा तुम्हाला फोन करावासा वाटला होता, पण तेव्हा तुमच्याकडे रात्रीचे दोन वाजले होते.

म्हणून आई, थंडीची काळजी तू आता अगदी सोडून दे. तळघरात जिथे पूर्वी तेलाची टाकी होती तिथे आता भिंतीवर टिफिनच्या पिशवीएवढी पेटी आहे, तिच्यात गावाकडून येणारे ऊन पाणी घरातल्या पाण्याला ऊब देते आणि परत जाते. न्हाणीघरात नळ सोडला की गरम पाणी येते. मी रात्री मोजे रेडिएटरवर वाळत घालते आणि सकाळी ते पायांत घालताना तू शेकोटीवर धरून दिलेल्या स्वेटरची आठवण येते. ज्वारीचे पीठ ग्योटिंगेनला मिळते. भाकरी अजून कडेला चिरते, पण फुगते. दवाखाना गाडीने वीस-पंचवीस मिनिटांवर आहे.

एकटी पडशील असे तू म्हणशील. शेजारच्या आजी 80 पार आहेत. त्यांची आई युद्धानंतर पूर्वेकडचे घरदार सोडून लहानग्यांसह निघाली आणि जवळच्या फ्रीडलांटच्या छावणीत येऊन पोहोचली. ब्रिटिशांनी 1945 च्या सप्टेंबरमध्ये विद्यापीठाच्या शेतीचे गोठे रिकामे करून ती छावणी उभारली होती, कारण ब्रिटिश, अमेरिकी आणि सोव्हिएत या तीन सत्तांच्या ताब्यातल्या भागांच्या हद्दी तिथेच भेटत होत्या; आजवर 40 लाखांहून अधिक माणसे तिच्यातून गेली आहेत. आजी हे सांगताना जुन्या गावाच्या नावापाशी थांबतात आणि टेबलावरचे कापड सरळ करतात. आपली आजी कोयनेच्या पाण्याखालच्या घराचे नाव निघाले की पदराचे टोक असेच सरळ करत बसायची. मी त्यांना कोयनेचे सांगितले. त्या दिवसापासून केक केला की पहिली बशी आमच्याकडे येते.

ईस्टरच्या आदल्या दिवशी गावाबाहेर मोठी होळी पेटवतात. वाळल्या फांद्यांचा ढीग आधी पुन्हा हलवून रचतात, आत साळिंदरासारखे काटेरी छोटे प्राणी आसऱ्याला बसलेले असतात ते निघून जावेत म्हणून. मी त्या आगीभोवती उभी होते आणि हातात नारळ नव्हता, एवढेच.

आता मी सांगते ते नीट ऐका. बाबा, रक्तदाबाची गोळी बरे वाटते म्हणून बंद करायची नाही आणि पाण्याची टाकी बघायला गच्चीच्या लोखंडी शिडीवर चढायचे नाही. त्यासाठी शेजारचा मुलगा आहे, त्याच्याशी मी बोलले आहे. आई, न्हाणीघरात धरायचे दांडे याच महिन्यात बसवून घे, ‘पुढच्या महिन्यात’ हे मी मागच्या दिवाळीपासून ऐकते आहे. गुडघ्याची तपासणी पुढे ढकलू नकोस. रागावून लिहीत नाही, पण इथून हात पोहोचत नाही, म्हणून आवाज चढतो.

माझ्या खोलीचा रंग फार सुंदर असणार. दिवाळीला मी त्याच खोलीत झोपणार आहे, तिकिटे काढली आहेत. आणि पुढच्या मे महिन्यात तुम्ही दोघांनी यायचे आहे; जिना नको म्हणून तळमजल्यावरची अंगणाकडची खोली तुमच्यासाठी ठेवली आहे. गावातल्या एका शेतकऱ्याला मी तुमच्या गोबरगॅसबद्दल सांगितले, तर तो म्हणाला की फोटो पाहायचा आहे. बाबा, ड्रमला टेकून तुम्ही उभे आहात आणि मी तुमच्या खांद्यावर बसले आहे, तो फोटो कपाटातल्या निळ्या फाइलमध्ये असेल. त्याची चांगली प्रत काढून पाठवा.

तुमची,
छकुली